‘पेगन’ला मराठीत काय म्हणावं? गावंढळ, गावठी की गावरान?

एका अनुवादक ताईंचा प्रश्न आहे. त्या आइसलंडच्या प्रवासवर्णनाचा अनुवाद करताहेत. त्यात रेक्याविकमधली एक शाळामास्तरीण लेखकाला हसत हसत सांगते, ‘आय ॲम अ हीदन.’ ताईंनी आधी लिहिलं, ‘मी नास्तिक आहे.’ संपादकांनी ते खोडून ‘मी मूर्तिपूजक आहे’ असं केलं. पुढे त्याच मजकुरात ‘पेगन’ शब्द आला आणि गाडं अडलं. (हे दोन्ही शब्द ख्रिस्ती लोकांनी जुने देव भजणाऱ्यांना लावलेले.) दोन्ही शब्दांना एकच प्रतिशब्द चालेल का, आणि तो कोणता, असं त्यांनी विचारलंय. जाता जाता आणखी एक शंका: ‘मग आपणही पेगनच का?’

आधी ‘नास्तिक’ बाजूला ठेवू. या बाईंना देव नकोसा नाही, उलट एकाच्या जागी चांगले दहाबारा हवेत. ‘मूर्तिपूजक’ व्याकरणाला धरून आहे, पण तो शब्द समोरच्याच्या तोंडचा. आपल्याकडे रोज सकाळी देवांना आंघोळ घालणारी आजी ‘मी मूर्तिपूजक’ असं कधी म्हणेल का? ती म्हणेल, ‘आमच्याकडे रोजची पूजा असते.’ सगळी मेख इथेच आहे. हा शब्द कोण कोणाबद्दल बोलतंय, हे पाहिल्याशिवाय त्याला मराठी कपडे चढवता येत नाहीत.

‘पेगन’चं मूळ लॅटिन ‘पागुस’मध्ये आहे. पागुस म्हणजे गावाकडचा मुलूख, आपल्या जुन्या भाषेत तर्फ किंवा पेटा म्हणा हवं तर. तिथला रहिवासी तो ‘पागानुस’, म्हणजे गावकरी. फ्रेंचमधले ‘पाईयाँ’ म्हणजे पेगन आणि ‘पेईझाँ’ म्हणजे शेतकरी, हे दोघे याच पागुसचे नातू. इंग्रजीतला ‘पेझंट’ही त्यांच्याच भावकीतला. रोमन शिपायांच्या बोलीत मात्र पागानुस म्हणजे फौजेत नसलेला, साधा नागरिक. चौथ्या शतकात ख्रिस्ती मंडळी हा शब्द जुने देव भजणाऱ्यांसाठी वापरू लागली, ती यातल्या कुठल्या अर्थावरून, यावर पंडितांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. एक पक्ष म्हणतो, नवा धर्म शहरांत आधी पसरला आणि खेडी जुन्या देवांना धरून राहिली, म्हणून गावकरी तो पेगन. दुसरा म्हणतो, ख्रिस्ती लोक स्वतःला ख्रिस्ताचे शिपाई समजत, म्हणून बाकीचे ते बिगरशिपाई. काही झालं तरी शब्दात तुच्छता आहेच, मराठीतल्या ‘गावंढळ’सारखी.

‘हीदन’ जर्मानिक कुळातला. ‘हीथ’ म्हणजे झुडपांचा उजाड माळ, आणि तिथला तो हीदन, अशी व्युत्पत्ती बरेच जण देतात. म्हणजे एक गावठी, दुसरा रानटी! पण माळाची ही गोष्ट सगळ्यांना पटत नाही. मला जास्त गंमत वाटते ती त्याच्या सर्वांत जुन्या नोंदीची. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने बायबल गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत आणलं. मार्कच्या शुभवर्तमानात एक बाई आपल्या मुलीला बरं कर म्हणून येशूकडे येते. मूळ मजकुरात ती ‘हेलेनिस’, म्हणजे ग्रीक. गॉथिकमध्ये ती झाली ‘हैथ्नो’, हीदन बाई. ग्रीक म्हणजेच परधर्मी. खुद्द ग्रीक ख्रिस्ती लेखकही पुढे जुने देव मानणाऱ्यांना ‘हेलेनेस’, ग्रीक, असंच म्हणू लागले.

आता आपला ‘यवन’ आठवा. मुळात आयोनियन ग्रीक. कार्ल्याच्या लेण्यांतल्या दानलेखांत खांब देणारे ‘यवन’ सरळ आपली ओळख म्हणून तो शब्द लिहितात. पुढे बखरींपर्यंत येता येता तो मुसलमानांना लागला. ग्रीकांच्या नावाचं असं परक्याचं नाव दोन दूरदूरच्या भाषांनी, एकमेकींना न विचारता, करून टाकलं. बिचारे ग्रीक!

‘पाखंडी’ चालेल का, असंही कोणी सुचवेल. त्याचा प्रवास उलटा आहे. गिरनारच्या शिलालेखात अशोक ‘सव पासंडानि’, म्हणजे सगळ्या पंथांचा, आपण आदर करतो असं सांगतो. तिथे ‘पासंड’ म्हणजे नुसता पंथ, शिवी नाही. पुढे आपण त्याची शिवी केली. अशोकाच्या ‘देवानांप्रिय’ या बिरुदालाही संस्कृतात ‘मूर्ख’ असा अर्थ चिकटला. तेव्हा तो शब्द नको. पेगन म्हणवणारे आज शिवीतून वर चढताहेत, आणि हा शब्द खाली घसरलेला.

ते कसे वर चढताहेत हे आइसलंडइतकं कुठेच स्वच्छ दिसत नाही. इसवी सन १००० च्या सुमारास तिथल्या लोकसभेत, आल्थिंगमध्ये, जुने देव की ख्रिस्त यावरून देश दुभंगायची वेळ आली. निवाडा सोपवला थोरगेर या कायदेपंडितावर, आणि तो स्वतः जुन्या धर्माचा. पांघरूण ओढून तो एक दिवस-रात्र पडून राहिला. उठून म्हणाला, सगळ्यांनी बाप्तिस्मा घ्यावा, पण घरात गुपचूप कोणी जुन्या देवांना नैवेद्य दाखवला तर चालेल, घोड्याचं मांसही खावं. ही सवलत काही वर्षांतच काढून घेतली गेली. गेल्या शतकात, १९७२ साली, उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी (हा तिथला सण, एप्रिलमध्ये येतो, हवा कशीही असो) काही मंडळींनी जुने देव मानणाऱ्यांची ‘आउसात्रू’ संघटना काढली. पुढच्याच वर्षी सरकारने तिला मान्यता दिली. पहिले मुख्य पुरोहित स्वेनब्यॉर्न बेंतेनसन हे मेंढ्या पाळणारे शेतकरी आणि जुन्या चालीची काव्यं खड्या आवाजात म्हणणारे कवी. म्हणजे शब्दशः पागानुस! चार लाखांच्या आतल्या त्या देशात संघटनेचे आज पाच हजारांहून जास्त सभासद आहेत. त्यांच्या विधीला ‘ब्लोट’ म्हणतात. त्यात पशुबळी नसतो. लोक गोल उभे राहतात, पेयाने भरलेलं शिंग हातोहात फिरतं, ज्याच्या हाती येईल तो देवांच्या, पूर्वजांच्या किंवा जमिनीच्या नावाने दोन शब्द बोलून घोट घेतो आणि पुढे देतो. मग जेवण. आताचे मुख्य पुरोहित हिल्मार अर्न हिल्मारसन संगीतकार आहेत. आठ पायांच्या घोड्यावरचा एकाक्ष देव, म्हणजे ओडिन, कोणी शब्दशः मानत नाही, या कथा म्हणजे काव्य आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ‘अंधश्रद्ध’ वगैरे छटा असलेले प्रतिशब्दही इथे लागू नाहीत.

‘निसर्गपूजक’ हा शब्द वर्तमानपत्रांत सर्रास दिसतो. ब्रिटनमधल्या बऱ्याच पेगन मंडळींना तो शोभेलही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार जणांनी धर्माच्या रकान्यात ‘पेगन’ लिहिलं. पण ‘हीदन’ म्हणवणाऱ्यांचा जीव बहुधा देव, पूर्वज आणि जुनी काव्यं यांत असतो, झाडाझुडपांत कमी. अमेरिकेत आणि युरोपात वर्णद्वेष्ट्यांनीही या देवांची चिन्हं पळवली आहेत. आइसलंडची संघटना त्यांच्यापासून कटाक्षाने दूर राहते.

मराठीत या प्रवासाला जोड सापडते ती ‘गावरान’ची. माझ्या लहानपणी कोणाला ‘गावरान’ म्हटलं की तो चिडायचा. आज आमच्या शनिवारच्या बाजारात ‘गावरान अंडी’ अशी पाटी लागली की त्या टोपलीचा भाव शेजारच्या ट्रेपेक्षा चढा असतो, आणि घेणारा घासाघीसही करत नाही. शब्द तोच, फक्त आता तो विकणारा अभिमानाने उच्चारतो. पेगनचं नेमकं हेच झालंय. म्हणून ‘गावरान धर्म’ लिहा, असं मात्र मी सुचवणार नाही. वाचकाला रश्श्याचा वास येईल.

आपण पेगन का? बाहेरून आलेल्यांच्या वहीत होतोच. पोर्तुगीज गोव्यातल्या हिंदूंना ‘जेंतियू’ म्हणत. तो त्यांचा हीदनच. त्यावरून इंग्रजांनी ‘जेंटू’ केलं, आणि १७७६ मध्ये हिंदू धर्मशास्त्राचं इंग्रजी भाषांतर ‘जेंटू कायदे’ म्हणून छापलं. पण आपण कधी ते नाव स्वतःला लावून घेतलं नाही, त्यामुळे ते परत मिळवायची वेळही आली नाही.

तर ताई, मिशनऱ्याच्या किंवा बिशपच्या तोंडी ‘मूर्तिपूजक’ ठेवा. इतिहासाच्या वर्णनात ‘ख्रिस्ती धर्माआधीच्या धर्माचे लोक’ म्हणा. आजच्या माणसांसाठी सरळ ‘पेगन’ लिहा, ‘पॅगन’ नको. आणि त्या मास्तरीणबाईंसाठी एक वेगळी सोय आहे. आइसलंडिकमध्ये त्यांच्या पंथाला ‘हेदिन सिदुर’ म्हणतात, आणि ‘सिदुर’ म्हणजे चाल, रीत. तेव्हा त्यांना म्हणू द्या, ‘आम्ही जुन्या रीतीचे.’ हसत हसतच.