नाव नंतर, तारीख आधी

प्रश्न : ताई, गेले तीन महिने दिव्यापाशी येणारे पतंग मी मोबाइलवर टिपते आहे. फोटो ॲपमध्ये टाकला की ते तीन-चार नावं सुचवतं, त्यातलं पहिलं लिहून मी मोकळी होते. दोनशेच्या वर नोंदी झाल्यात आणि आता शंका यायला लागली आहे. या सगळ्याला काही अर्थ आहे का? आणि पांढरा पडदा टांगून, दिवा लावून पतंग बोलावले तर त्यांना त्रास होतो का?

उत्तर : तारीख, वेळ आणि जागा लिहिली असेल तर अर्थ आहे. नावांचं नंतर बघता येतं.

माझ्या पहिल्या वहीत एका पानावर लिहिलंय, 'तपकिरी पतंग, मध्यम'. पुढच्या पानांवर हेच आणखी चारदा. मध्यम म्हणजे केवढा, ते आता मलाही सांगता येत नाही. 'अंगठ्याच्या नखाएवढा' इतकं लिहिलं असतं तरी काम झालं असतं! फुलपाखरांच्या बाबतीत तर मी याहून मोठी फजिती करून घेतली. एक अख्खा हंगाम दिसेल त्या नारिंगी फुलपाखराला 'प्लेन टायगर' म्हणत गेले. पुढे जुने फोटो मोठे करून पाहिले, तर काहींच्या मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असायला हवेत ते नव्हतेच. वरच्या कडेला एकच ठिपका. ती डॅनाइड एगफ्लायची मादी, प्लेन टायगरचं सोंग घेणारी. प्लेन टायगर पक्ष्यांना बेचव लागतो, म्हणून ही त्याच्या वेशात फिरते. पक्षी फसतात तशी मीही फसले. फोटो आणि तारखा होत्या म्हणून नोंदी दुरुस्त तरी करता आल्या.

ॲपचं म्हणाल तर ते फोटोशी फोटो जुळवून अंदाज बांधतं. ठळक नक्षीच्या पतंगांचं बऱ्याचदा बरोबर सांगतं. पण बारीक, करड्या-तपकिरी पतंगांत असे पुष्कळ आहेत की जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय तज्ज्ञही जात सांगत नाहीत. अशा वेळी कुळापर्यंत थांबावं. त्यात कमीपणा कसला? तुमच्या दोनशे नोंदींतली नावं खोडू नका, फक्त पुढे 'ॲपने सुचवलेलं' असं लिहा.

फोटो मात्र एकाच कोनातून काढू नका. वरून एक, बाजूने एक, समोरून तोंडाचा एक. मिशा दिसायलाच हव्यात : फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, पतंगाची बहुधा दोऱ्यासारखी नाहीतर पिसासारखी. मागचे पंख दिसावेत म्हणून पुढचे बोटाने उचलायला जाऊ नका, खवले निघतात.

आणि ज्या रात्री काहीच आलं नाही ती रात्रही लिहा. दिवा किती वेळ होता, वारा होता का, चंद्र किती. लख्ख चांदण्यात दिव्यावर गर्दी कमीच होते. दोन वर्षांनी 'पतंग घटले का?' असं कुणी विचारलं, तर उत्तर या रिकाम्या रात्रींशिवाय देता येत नाही. जर्मनीत क्रेफेल्डच्या हौशी कीटक अभ्यासकांनी १९८९ ते २०१६ या काळात ६३ संरक्षित ठिकाणी एकाच पद्धतीचे, तंबूसारखे सापळे लावले आणि सापडलेल्या उडत्या किड्यांचं नुसतं वजन केलं. २७ वर्षांत ते सुमारे ७६ टक्क्यांनी घटलं होतं. या हिशेबाला एकाही किड्याचं नाव लागलं नाही. पद्धत आणि तारीख लागली.

आता पडदा. त्रास होतो, थोडा. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी दाखवलं की किडे दिव्याकडे ओढले जात नाहीत. उडताना ते उजेडाकडे पाठ करतात, कारण रात्रीसुद्धा आभाळाची बाजू अधिक उजळ असते. दिवा शेजारी आला की 'वर' कुठे, हेच त्यांना उमगत नाही आणि ते घिरट्या घालत राहतात. म्हणून दोन-तीन तास पुरे, आणि रोज त्याच जागी नको. दिवा अतिनील असेल तर स्वतःच्या डोळ्यांनाही जपा.

रात्रभर दिवा ठेवलाच, तर उजाडायच्या आत उठा. पडद्यावर आयती न्याहारी मिळते हे पक्षी दोन दिवसांत शिकतात. पडदा झुडपात हलकेच झटका, आणि घडी घालण्याआधी शिवणी तपासा. एकदा मी तशीच घडी घातली होती आणि आठवड्याने उघडली, तेव्हा शिवणीत एक हिरवा पतंग होता. त्याची नोंद आहे. तारीख मात्र अंदाजे.