संघटनेत नवीन आहात? आधी 45 दिवस लक्षात ठेवा

अमेरिकेच्या संघीय खात्यातल्या हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषी देशांत मूळ असलेल्या) कर्मचाऱ्यांच्या संघटनेत शिरण्याआधी ती चालू आहे का, ते विचारा. विविधता कार्यक्रम बंद करणाऱ्या जानेवारी 2025 च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशांनंतर बऱ्याच खात्यांनी असे गट गुंडाळले. ही युनियन नव्हे, पगाराच्या वाटाघाटी इथे होत नाहीत.

नवखे हमखास फसतात ते भेदभावाच्या तक्रारीत. संघटनेच्या अध्यक्षांच्या कानावर घातलं की तक्रार नोंदली गेली, असं समजून बसतात. तसं नसतं. घटनेपासून 45 दिवसांत खात्याच्या समान संधी समुपदेशकाशी (अशा तक्रारी सुरुवातीला ऐकणाऱ्या अधिकाऱ्याशी) स्वतः संपर्क साधावा लागतो. सुट्टीचे दिवसही त्यातच मोजतात. मुदत टळली की खरी तक्रारही बहुधा फेटाळली जाते. म्हणून तारीख, साक्षीदार, ईमेल त्याच दिवशी टिपून ठेवा. 15 सप्टेंबरला सुरू होणाऱ्या हिस्पॅनिक वारसा महिन्याचं जेवण नंतर बघू!