ज्यांचे सूतक लागत नाही

पत्र : ताई, मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला आम्ही दहा-बारा जण मिळून भाजीची बाग करतो. गोदीतून निवृत्त झालेले अण्णा रोज पहाटे येऊन ती सांभाळत. मेअखेरीस कंपोस्टच्या खड्ड्याला फार वास येऊ लागला, तेव्हा मी सर्वांसमोर म्हणाले, "अण्णा, तुमच्या हौसेपायी तळमजल्यावरच्यांनी नाक धरून जगायचे का?" ते गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच खड्ड्यात सुका पाला पसरत होते. माझ्याशी बोलले नाहीत. आठवड्याभरात हृदयविकाराच्या झटक्याने गेले. त्यांच्या भेंडीच्या वाफ्याला तेव्हापासून कोणी हात लावलेला नाही. समितीत कोणाला ग्रॅनाइटची पाटी हवी आहे, कोणाला त्यांच्या नावाने वड लावायचा आहे. मी बागेत जाणेच सोडले आहे. यजमान विचारतात, "ते तुझे कोण लागत होते?" मला उत्तर सुचत नाही.
– एक वाचक

उत्तर : यजमानांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण तुमचे अर्धे दुखणे तिथे आहे. आपल्याकडे दुःखाची मुदत नात्यावरून ठरते. सूतक कोणाला आणि किती दिवस, भेटायला कोणी कधी जायचे, हे सगळे आधीच ठरलेले असते आणि त्या निमित्ताने घरच्या माणसांना निदान दहा दिवस काही न करता बसून राहण्याची मुभा मिळते. अण्णांचे सूतक तुम्हाला नव्हते, त्यामुळे ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीही तुम्ही डबे भरले असतील, ठरलेली लोकल गाठली असेल, आणि साचलेले रडू तीन-चार महिन्यांनी एका पत्रात उतरले. यजमानांना एवढेच सांगा की पितृपक्षातील महालयात घरच्या पितरांची नावे संपल्यावर गुरू, आप्त आणि सखा यांच्यासाठीही पिंड असतो. आपल्या जुन्या लोकांनी या माणसांसाठी जागा ठेवली होती. आपणच ती विसरलो. (तुम्ही श्राद्ध-पक्ष मानता की नाही, हा प्रश्न वेगळा, मीही त्यात फार काटेकोर नाही.)

आता त्या सकाळविषयी. अण्णा तुमच्यावर रुसले होते, असे तुम्ही धरून चालला आहात. मला तुमच्याच पत्रात वेगळे दिसते. मे महिन्यात मुंबईतल्या प्रत्येक घरातून आंब्याच्या साली आणि कोयी निघतात. असा ओला, गोड कचरा खड्ड्यात थरावर थर पडला की आतली हवा कोंडते आणि मग तो कुजताना घाण वास सुटतो. त्यावर उपाय एकच : भरपूर सुका पाला मिसळायचा आणि ढीग वरखाली करून त्यात हवा खेळू द्यायची. तुम्ही तक्रार केलीत आणि बारा तासांच्या आत तो माणूस नेमके तेच करायला आला. आयुष्यभर गोदीत काम केलेल्या आणि मोजके बोलणाऱ्या त्या पिढीच्या पुरुषाकडून याहून स्पष्ट "तुझे बरोबर होते" मिळणे अवघड आहे. तुमचा सूर चुकला होता हे खरेच, तेही चारचौघांत, आणि त्याची माफी आता मागता येणार नाही. ती बोच राहील. पण "माझ्यामुळे ते दुखावून गेले" ही कथा तुम्ही तिच्यावर रचली आहे. पत्रात तिला आधार नाही.

वाफ्याला हात न लावणे म्हणजे आदर, हे मला पटत नाही. अण्णांनी मृगाआधी टोकलेली भेंडी त्यांच्यामागे उगवली, फुलली आणि कोणी न तोडल्यामुळे आता झाडावरच जून होऊन वाळली असेल. भाजीला ती निरुपयोगी आहे, पण बियाणे म्हणून उत्तम. शेंगा करकरीत वाळून शिरांवर तडकू लागल्या की काढा, बी सोलून चार दिवस सावलीत पसरा, चाळलेल्या राखेत मिसळून कोरड्या बरणीत भरा आणि बरणीवर अण्णांचे नाव व साल लिहा. शेजारच्या वाफ्यात दुसऱ्या जातीची भेंडी असेल, तर मधमाश्यांमुळे थोडी सरमिसळ झालेली असू शकते. त्याने काही बिघडत नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती अशीच गावठी बियाणी राखून हातोहात पुढे दिल्याबद्दल. तुमच्या बागेतल्या दहा-बारा घरांना चिमूट चिमूट बी पुरेल. मग तण उपटून वाफा मोकळा करा आणि त्यात मेथी टाका.

वडाचा बेत मात्र मोडून काढा. वडाची मुळे भिंतीत आणि पाण्याच्या टाकीत शिरतात, आणि झाड वाढल्यावर पश्चात्ताप झाला तरी 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे महापालिकेच्या परवानगीवाचून ते तोडता येत नाही. लावायचेच असेल तर बकुळ लावा. ती सावकाश वाढते आणि तिच्या फुलांचा सुवास ती सुकल्यावरही टिकतो. ती उत्तरेकडच्या कुंपणाला लावा, म्हणजे वर्षातील बहुतेक महिने सावली भाजीवर पडणार नाही. वाफ्यांवर सावली धरणारे स्मारक अण्णांना खपले नसते, असे मी त्यांना न भेटताही सांगू शकते.

पाटीला माझा विरोध नाही, फक्त ती लहान असावी आणि तिच्यावर एकच नाव असावे. मुंबईतील बाकांवर गेलेल्या माणसाचे नाव बोटभर आणि ज्यांच्या निधीतून बाक आला त्यांचे हातभर, हे आपण रोज पाहतो.

शेवटची गोष्ट समितीची नाही, तुमची एकटीची आहे. अण्णांच्या घरी कोणी असेल, त्यांच्या पत्नी किंवा मुले, तर या रविवारी जा. रिकाम्या हाताने जाऊ नका. बागेतला अळू किंवा गवती चहा न्या. खड्ड्याचा प्रसंग जसा घडला तसा, स्वतःचे वाक्य न गाळता सांगा. त्या सकाळी घरी परतल्यावर अण्णा काय म्हणाले होते, हे कदाचित त्यांनाच ठाऊक असेल.