अर्ध्यावर संपलेला सिनेमा आणि तुमची पत्रं

गेल्या अंकात अमेरिकन दिग्दर्शक राल्फ बाक्शींच्या १९७८ सालच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'बद्दल लिहिलं होतं आणि पाहिला असेल तर मत कळवा, असं म्हटलं होतं. टोलकीनच्या कादंबरीवरचा हा हाताने रंगवलेला सिनेमा, त्याच कादंबरीवरच्या पीटर जॅक्सनच्या सिनेमांपैकी पहिल्याच्या तेवीस वर्षं आधी आला. मला वाटलं, माझ्या वयाचे दोन-चार निवृत्त चित्रकार लिहितील. आलेली बहुतेक पत्रं मात्र तिशीच्या आतल्यांची आहेत आणि त्यातले बरेच जण माझ्यावरच रागावलेत. जमतील तेवढी घेते.

प्रश्न: ताई, तुम्ही कौतुक केलंत म्हणून रविवारी मित्रांना घरी बोलावून हा सिनेमा लावला. अर्ध्या तासात सगळे हसत सुटले. एका प्रसंगात पात्रं नीट कार्टूनसारखी, दुसऱ्यात चक्क माणसं, वरून रंग फासलेली. ऑर्क्स, म्हणजे ते राक्षसी सैनिक, तर झेरॉक्सवर शाई सांडावी तसे दिसतात. ह्याला ॲनिमेशन म्हणायचं की प्रेक्षकांची फसवणूक? (नोकरदार, मुलुंड)

उत्तर: ऑर्क्सना हसलात ते योग्यच केलंत. फसवणूक मात्र म्हणू नका. ताडदेवच्या एका लहानशा जाहिरातपट स्टुडिओत मी वर्षानुवर्षं ट्रेस-पेंट, म्हणजे रेघा उतरवून रंग भरायचं काम, केलंय, त्यामुळे ही चित्रं कुठल्या हाताने आणि कुठल्या घाईत काढली असतील ते मला पडद्यावर दिसतं.

ह्या पद्धतीला रोटोस्कोप म्हणतात. मॅक्स फ्लायशरला अमेरिकेत १९१७ मध्ये त्याचं पेटंट मिळालं, म्हणजे ती बाक्शींनी शोधलेली पळवाट नव्हे. नटांना वेश चढवून आधी खरं चित्रीकरण करायचं. मग त्या फिल्मची एकेक फ्रेम मोठी करून छापायची, पेग बारवर, म्हणजे कागद न हलू देणाऱ्या खुंट्यांच्या पट्टीवर, बसवायची, वर सेल, म्हणजे पारदर्शक शीट, ठेवायचा आणि आकृतीवरून रेघ ओढायची. सेल उलटा करून मागून रंग भरायचा, वाळवायचा, पुढचा घ्यायचा. मिनिटाला १,४४० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेमना वापरलं तरी मिनिटाला ७२० सेल होतात, आणि हा सिनेमा दोन तासांहून मोठा आहे. खर्च सुमारे ४० लाख डॉलर. लढाईच्या गर्दीतला प्रत्येक ऑर्क त्या पैशात आणि त्या वेळात हाताने काढणं शक्यच नव्हतं.

लढाईचं चित्रीकरण स्पेनमध्ये झालं. त्याचा एक किस्सा बाक्शी सांगतात. फिल्म धुवायला गेली तेव्हा तिथल्या लॅबवाल्यांना फ्रेममध्ये टेलिफोनच्या तारा, मोटारी, हेलिकॉप्टर दिसलं. असलं गबाळं काम बाहेर गेलं तर हॉलिवूडचं कोणी परत स्पेनमध्ये येणार नाही, म्हणून ते फिल्म जाळायलाच निघाले होते! त्यांना कोण सांगणार, की ट्रेस करणारा तार काढणारच नाही. सेलवर जे काढलं तेवढंच पडद्यावर.

आता तुमच्या तक्रारीकडे येते. ती खरी आहे, फक्त तिचा रोख मी जरा बदलीन. रोटोस्कोप वापरला हा दोष नाही. सिनेमाभर तो एकाच इमानाने वापरला नाही, हा आहे. हॉबिट मंडळींच्या, म्हणजे गोष्टीतल्या बुटक्या माणसांच्या, सुरुवातीच्या प्रसंगांत छायाचित्र नुसतं आधाराला आहे. चेहरे, डोळे, बोटं चित्रकाराने स्वतः ठरवलीत. पुढे पुढे हात आखडत जातो. कपड्याची प्रत्येक चुणी ट्रेस केली की दोन माणसं ती सारखी काढत नाहीत आणि कापड उगाचच थरथरत राहतं. आमच्याकडे चेकिंगवाले ओरडायचे, "लाइन बॉइल होतेय, म्हणजे रेघ थरथरतेय, परत करा!" इथे परत करायला वेळ कुणाकडे होता? शेवटी हेल्म्स डीपच्या किल्ल्यावरच्या लढाईत तर चित्रच काढलेलं नाही. फिल्मचा काळा-पांढरा फरक वाढवला, वर रंग चढवला, डोळे लाल केले, झालं.

आणि तरीही ते काळे घोडेस्वार पुन्हा पाहा. रस्त्याकाठच्या झाडाखाली चौघे हॉबिट दडलेत आणि वर त्या घोडेस्वारांतला एक, नाझगूल, लंगडत, हुंगत येतो. खरा माणूस घोड्यावरून उतरताना अंगाचा जो भार टाकतो, तो त्या काळ्या झग्यात उतरलाय आणि झग्याच्या आत माणूस नाही. नुसत्या कल्पनेने काढला असता तर तो इतका जड झाला नसता, नुसता फोटो ठेवला असता तर त्याची भीती वाटली नसती. पुढे नदीच्या उताराशी मागचं आकाश ढवळून निघतं, नायक हॉबिट फ्रोडोला धड उभं राहता येत नाही. ह्या दोन प्रसंगांसाठी मी अख्ख्या हेल्म्स डीपला माफ करते. तुम्ही करू नका, तुमचा रविवार गेलाय.

प्रश्न: मूळ कादंबरी मी कॉलेजात शिकवत नसलो तरी विद्यार्थ्यांना वाचायला लावत आलो. बाक्शींनी टॉम बॉम्बाडिल हे पात्र सरळ वगळलं. योद्धा बोरोमीरच्या डोक्यावर शिंगं, ॲरागॉर्नला विजारच नाही. आपण ह्याला 'कादंबरीशी प्रामाणिक' कसं म्हणता? (निवृत्त प्राध्यापक, शिवाजी पार्क)

उत्तर: सर, शिंगांबद्दल वाद घालत नाही. कुणीतरी बोरोमीरचं राज्य गोंडोर आणि नाटकातले व्हायकिंग एकाच पेटाऱ्यात ठेवले होते. आगीचा राक्षस बालरॉगही बिघडलाय: तोंड सिंहाचं, पाठीला पंख, चाल अवघडलेली.

बॉम्बाडिल मात्र जॅक्सनच्या सिनेमातही नाही आणि तिथे त्याच्यासाठी तुमच्याइतकं कुणी हळहळलेलं मला आठवत नाही. प्रामाणिकपणा मी दुसरीकडे शोधते. हॉबिट बिल्बोची मेजवानी आणि जादूगार गॅन्डाल्फचं परत येणं ह्यांत कादंबरीत सतरा वर्षं जातात. बाक्शींनी ती ठेवलीत, हॉबिटांच्या शायर ह्या मुलखावरून ऋतू सरकताना दिसतात. जॅक्सनच्या सिनेमात हे अंतर जाणवतसुद्धा नाही. पटकथेच्या दोन लेखकांपैकी एक पीटर बीगल, स्वतः अद्भुत कादंबरीकार. संवादांत पुस्तकाचा सूर बराच टिकलाय तो त्यांच्यामुळे असावा, असं माझं मत. शिवाय ॲरागॉर्नला आवाज जॉन हर्टचा आहे. डोळे मिटून ऐका, विजारीचा विसर पडेल.

जॅक्सनने लहान वयात हा सिनेमा आधी पाहिला आणि पुस्तक नंतर वाचलं. मेजवानीत टेबलावर पाय टाकून ओरडणारा तो म्हातारा हॉबिट त्याच्या सिनेमात जवळपास त्याच कोनातून येतो. तो बाक्शींकडूनच घेतल्याचं त्याने कबूल केलंय.

प्रश्न: सिनेमा मधेच का संपतो? फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम वाटाड्या गोलमच्या मागे चाललेत आणि एकदम निवेदक समारोप करतो! दादा म्हणतो १९८० चा 'रिटर्न ऑफ द किंग' हा ह्याचाच दुसरा भाग. खरं का? (विद्यार्थिनी, गोरेगाव)

उत्तर: दादाला सांग, नाही. १९८० चा तो टीव्हीपट रँकिन आणि बास ह्यांच्या कंपनीचा. त्यांनीच १९७७ मध्ये 'द हॉबिट' केला होता. बाक्शींचा त्याच्याशी संबंध नाही.

बाक्शींना दोन सिनेमे करायचे होते. पहिल्यात पहिला खंड आणि दुसऱ्याचा काही भाग, उरलेलं पुढच्यात. पहिल्याच्या नावात 'भाग पहिला' असायला हवं होतं. अर्ध्या सिनेमाला कोण पैसे देणार, म्हणून वितरकांनी ते शब्द काढायला लावले, असं बाक्शींनी अनेकदा सांगितलंय. मग लोक पूर्ण गोष्टीचं तिकीट काढून गेले आणि अर्ध्या गोष्टीवर उठले. तुला आला तोच राग तेव्हाच्या प्रेक्षकांनाही आला. अमेरिकेत धंदा तीन कोटी डॉलरपर्यंत झाला, तरी दुसरा भाग कधीच निघाला नाही. रेघ, रंग, शिंगं ह्यांवर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. ह्या बाबतीत मी पूर्ण प्रेक्षकांच्या बाजूने आहे. पाटीवर दोन शब्द राहिले असते, तर निदान माणूस मनाची तयारी करून आत गेला असता.

प्रश्न: त्या दुष्ट जादूगाराला कधी सारुमान म्हणतात, कधी आरुमान. माझे कान गेले की काय? (वाचक, गिरगाव)

उत्तर: कान शाबूत आहेत. मुख्य खलनायक सॉरॉन आणि हा सारुमान ह्यांत प्रेक्षकांचा गोंधळ होईल म्हणून सारुमानचं आरुमान करायचं ठरलं, मग तो बेत फिरला आणि काही ठिकाणी जुनं राहून गेलं. आमच्या स्टुडिओत असं सुटलं असतं तर चहा बंद झाला असता.

प्रश्न: मुलगी नऊ वर्षांची आहे, ड्रॅगन आणि राक्षसांचं वेड आहे. बाक्शींचा सिनेमा दाखवू का? की आपलं रामायणवालं ॲनिमेशन बरं? (पालक, बोरिवली)

उत्तर: 'आपलं रामायण' म्हणजे युगो साको आणि राम मोहन ह्यांचा भारत-जपानचा सिनेमा म्हणत असाल, तर तो आधी. राम मोहन मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून युनिटमध्ये तयार झाले. तिथे १९५६ मध्ये डिस्नेतून आलेले क्लेअर वीक्स शिकवत होते. त्या सिनेमातला कुंभकर्ण उठतो तेव्हा त्याच्या देहाचं वजन पाहा. छायाचित्राचा टेकू न घेता तसं वजन आणायला हात फार तयार लागतो.

मग १९७७ चा 'द हॉबिट'. सव्वा तासाचा, गाणी भरपूर, ड्रॅगन आहे. चित्रं टोकियोच्या टॉपक्राफ्ट स्टुडिओत झाली. जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा 'नौसिका'ही पुढे त्याच स्टुडिओत बनला. गॉब्लिन मोठ्या तोंडाचे आहेत, पण पोरं त्यांना खिदळतात.

बाक्शींचा एवढ्यात पूर्ण नको. शायर, मेजवानी, झाडाखाली दडणं इथपर्यंत तुम्ही शेजारी बसून दाखवा, रात्री मात्र नको. लाल डोळे दिसले की बंद करा. 'पुढे काय झालं' असं तिने विचारलं तर पुस्तक तिन्ही खंडांचं आणा, सिनेमात उत्तर नाही.