सोसायटीतील पिंपळावर वटवाघळांची वस्ती आहे; ती हाकलणे कायद्याने चालते का, आणि त्यांच्यापासून खरोखर किती धोका आहे?

आपल्या प्रश्नाचा आशय मी असा समजलो आहे. आपल्या आवारातील जुन्या पिंपळावर दोन-तीनशे मोठी वटवाघळे दिवसभर लटकलेली असतात. वटवाघळांपासून माणसांत येऊ शकणाऱ्या निपाह या विषाणूच्या बातम्या वाचून काही सभासद घाबरले आहेत, कोणी फटाके लावून ती उठवावीत म्हणते, तर कोणी पिंपळच तोडावा म्हणते, आणि सचिव या नात्याने निर्णयाची जबाबदारी आपल्यावर आली आहे. मी वकील नाही, वनखात्यातही नाही. वटवाघळांचे निरीक्षण करण्याचा छंद मला पंधरा-सोळा वर्षांपासून आहे आणि त्या ओघात कायदाही वाचावा लागला, एवढ्या आधारावर हे उत्तर लिहीत आहे.

आधी कायद्याविषयी. आपल्या काही सभासदांना "वटवाघळे तर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत आहेत" असे वाटते, हे आपण लिहिले आहे, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. ते फक्त जुने झाले आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पाचव्या अनुसूचीत कावळा, उंदीर आणि घुशी यांच्या पंक्तीला फळे खाणारी वटवाघळे बसवलेली होती, आणि त्या अनुसूचीतील प्राण्याला मारण्यास कोणाच्याही परवानगीची गरज नव्हती. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडील डोंगरांत सापडणाऱ्या आणि सलीम अली यांचे नाव दिलेल्या दुर्मीळ वटवाघळाला पुढे पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले, पण बाकीची सारी फलाहारी जमात पन्नास वर्षे उंदरांच्या रांगेतच राहिली. २०२२ मध्ये संसदेने अधिनियमात मोठी दुरुस्ती केली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिने सहा अनुसूचींच्या चार केल्या, उपद्रवी प्राण्यांची अनुसूची पूर्णपणे काढून टाकली, आणि आपल्या पिंपळावर असलेले ते मोठे वटवाघूळ दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांत आले.

याचा व्यावहारिक अर्थ असा की कलम ९ नुसार त्याची शिकार करण्यास मनाई आहे. येथे 'शिकार' या शब्दाचा अर्थ आपण बोलताना घेतो त्याहून बराच व्यापक आहे. अधिनियमाच्या व्याख्येत ठार मारणे व विष घालणे तर आहेच, पण पकडणे, सापळा लावणे, जखमी करणे आणि हाकारणे, तसेच यांपैकी काहीही करण्याचा प्रयत्न करणे हेही आहे. त्यामुळे रात्री दहाच्या सुमारास झाडाखाली सुतळी बॉम्ब लावणे हा केवळ शेजाऱ्यांना त्रास देण्याचा प्रकार राहत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. दुरुस्तीपूर्वी ही दंडाची मर्यादा पंचवीस हजार होती. कायदा एकतर्फी मात्र नाही. दुसऱ्या अनुसूचीतील प्राणी मानवी जीवितास किंवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोकादायक ठरला, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो, आणि केंद्र सरकार कलम ६२ खाली ठरावीक प्रदेशापुरते व ठरावीक मुदतीपुरते एखाद्या प्राण्याला उपद्रवी घोषितही करू शकते. पण या दोन्ही गोष्टी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेच्या अखत्यारीत येत नाहीत.

पिंपळ तोडण्याचा विषय वेगळ्या कायद्याखाली येतो. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रात वृक्ष प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि १९७५ च्या त्या अधिनियमात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुने झाड 'प्राचीन वृक्ष' मानले जाते. आपला पिंपळ इमारतीच्याही आधीचा आहे असे आपणच लिहिले आहे. तेव्हा तो मार्ग जवळपास बंद आहे असे समजावे.

आता भीतीविषयी, कारण कायदा दाखवून सभासद गप्प बसतील पण निर्धास्त होणार नाहीत. भीती दोन प्रकारची असते, आणि त्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पहिली आपण आजीकडून घेतलेली. माझी आजी कोकणातल्या घरात पाकोळी, म्हणजे लहान वटवाघूळ, शिरली की केस पदराखाली झाकून घ्यायची, कारण ती केसांत अडकली की सुटत नाही असे तिला तिच्या आजीने सांगितलेले. घरात शिरणारी ती छोटी पाकोळी कीटक खाणारी असते, आणि अंधारात स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून बारीक किडा टिपणाऱ्या प्राण्याला माणसाचे डोके चुकवता येते. आपल्या पिंपळावरची मोठी वटवाघळे प्रतिध्वनीचा उपयोग करत नाहीत. ती डोळ्यांनी पाहतात आणि वासावरून फळ शोधतात. ती रक्त पीत नाहीत. रक्तावर जगणाऱ्या तीनच जाती जगात आहेत आणि त्या तिन्ही अमेरिका खंडातल्या आहेत. वटवाघळाच्या मांसाने दमा जातो आणि त्याच्या तेलाने सांधे सुटतात हा समज तर भीतीपेक्षा घातक ठरला आहे, कारण त्यापायी ती आजही मारली जातात.

दुसरी भीती निपाहची, आणि तिला मी अंधश्रद्धा म्हणणार नाही. २०१८ मध्ये कोळिकोड परिसरात निपाहने सतरा माणसे दगावली. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले, तेव्हा त्यांतील काहींमध्ये या विषाणूविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) आढळली. म्हणजे धोका परप्रांतात आहे आणि आपल्याकडे नाही, असे म्हणता येत नाही. मात्र झाडावर लटकलेल्या वटवाघळाच्या खालून माणूस गेल्याने हा आजार होत नाही. बांगलादेशात त्याचा मुख्य मार्ग रात्रभर उघड्या मडक्यात गोळा केलेला खजुरीचा कच्चा रस हा आढळला. वटवाघळे तो रस चाटतात, त्यात त्यांची लाळ आणि मूत्र पडते, आणि सकाळी माणसे तोच रस न उकळता पितात. त्यापासून आपण घ्यायचे पथ्य एवढेच की उष्टे, कुरतडलेले फळ मुलांनी उचलून खाऊ नये, आणि आजारी किंवा मेलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने कोणी स्पर्श करू नये.

वस्ती उठवल्याने धोका कमी होईल, असे म्हणणाऱ्यांना युगांडातील किटाका खाणीचे उदाहरण सांगावे. २००७ मध्ये तेथील खाणकामगारांना मारबर्ग या घातक विषाणूची लागण झाली, आणि त्यानंतर खाणीतील हजारो वटवाघळे मारून टाकण्यात आली. काही वर्षांनी तेथे पुन्हा वटवाघळे आली, आणि २०१२ मध्ये जवळच्याच गावात पुन्हा साथ आली. त्या वेळी तपासलेल्या वटवाघळांत संसर्गाचे प्रमाण पूर्वीच्या सुमारे ५ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर गेलेले होते. जुनी, प्रतिकारशक्ती आलेली पिढी मारली गेली आणि रिकाम्या जागी बाहेरून आलेली, संसर्गाला सहज बळी पडणारी वटवाघळे भरली, असे त्याचे स्पष्टीकरण संशोधकांनी दिले.

त्यांचे उपयोग मी थोडक्यात सांगतो, कारण ती उपयोगी नसती तर मारायला हरकत नव्हती असा अर्थ त्यातून निघू नये. वड, पिंपळ, उंबर यांच्या बिया ती दूरवर टाकतात, मोहाच्या फुलांत परागीभवन करतात, आणि काजूचे बोंड उचलून नेऊन, रसाळ भाग खाऊन बी झाडापासून दूर सोडून देतात. आंबा-चिकूच्या बागायतदारांचे नुकसानही तीच करतात, हे नाकारण्यात अर्थ नाही.

विष्ठेचा आणि वासाचा त्रास खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे पिंपळाखालची वाहने हलवणे, तेथे बाके असल्यास दुसरीकडे ठेवणे, आणि झाडताना आधी पाणी शिंपडून, तोंडाला फडके किंवा मास्क बांधून झाडणे, म्हणजे सुकलेली धूळ श्वासात जात नाही. एखाद्याला चावा किंवा ओरखडा बसलाच, तर जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुवून लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

फांद्या छाटायच्याच असतील तर परवानगी घेऊनही फेब्रुवारी ते जून हा काळ टाळावा. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीतील चिंचेच्या विस्तारलेल्या फांद्या छाटण्याच्या अर्जावर मीही सही केली होती. काम मे महिन्यात झाले आणि करवत सुरू होताच सगळा थवा उठला. या जातीची मादी वर्षाला एकच पिल्लू देते आणि ते उन्हाळ्याच्या तोंडाशी जन्मते. घाबरलेल्या आईला थोडे मोठे झालेले, पण अजून उडता न येणारे पिल्लू घेऊन उडणे जमत नाही. त्या दुपारी आम्ही अकरा पिल्ले पाटीत गोळा केली, त्यांपैकी चार वाचली.

आपल्याकडे असे पिल्लू पडलेले दिसले, तर जाड टॉवेलने उचलून, हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सावलीत ठेवावे. खोक्याच्या आतील बाजूस कापड असे लावावे की त्याला उलटे लटकता येईल. दूध किंवा केळे भरवण्याचा प्रयत्न करू नये. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि झाडाखाली गर्दी होऊ देऊ नये.