दारव्ह्याला बदली झाली आहे, गाडी चालवता येत नाही. बसवर भागेल का? आणि बाहेर खायला काय मिळतं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात अकरा वर्षं काढली, आता यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला बदली झाली, स्वतःची गाडी नाही. नकाशात शकुंतला रेल्वेचं स्टेशन दिसतं, ती चालू आहे का, हेही विचारलंय. मी याच तालुक्यातल्या एका खेड्यात राहते आणि चौदा वर्षांपासून यवतमाळला अप-डाऊन करते. गाडी मलाही चालवता येत नाही. म्हणून उत्तर द्यायचा थोडासा हक्क आहे असं समजते.

रेल्वेचं आधी उरकते. नाही, शकुंतला बंद आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरची ती नॅरोगेज लायन इंग्रजांच्या काळात एका विलायती कंपनीनं टाकली, वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लायनीपर्यंत नेऊन घालायला. १९९४ पर्यंत तिला कोळशाचं इंजिन होतं. लहानपणी आजोळी जाताना खिडकीतून डोकं बाहेर काढलं की डोळ्यात कोळशाचा कण जायचाच; मग आई पदराचं टोक तोंडाच्या वाफेनं गरम करून डोळ्यावर धरायची. आता रूळ झुडपांत गेलेत. वर्धा-यवतमाळ-नांदेड ही नवी मोठी लायन दारव्ह्यावरून जाणार आहे. तिचा वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पण त्या भरवशावर तुम्ही सामान बांधू नका.

राहिली बस. भागतं. पण कसं भागतं ते नीट समजून घ्या, कारण पुण्याहून आलेला माणूस इथंच फसतो. पुण्यात तुम्ही घरून निघता आणि मग गाडी शोधता. इथं आधी गाडीची वेळ, मग आंघोळ, मग डबा, मग बाकीचा संसार. दारव्हा-यवतमाळ साधारण चाळीस किलोमीटर, मध्ये लाडखेड. पुसद-दिग्रसकडच्या गाड्या याच रस्त्यानं जातात, त्यामुळे दिवसा तालुक्याच्या गावी अडून राहात नाही. खेड्यावर मात्र फेऱ्या मोजक्या. आमच्याकडे सकाळी शाळेच्या मुलींसाठीची निळी, सरकारच्या मानव विकास योजनेची बस येते, जागा असली की आम्हीही चढतो. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली की आमचंही वेळापत्रक बदलतं, हे पहिल्या वर्षी मला कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हा खेड्यात स्वस्त खोली मिळते म्हणून मोहात पडू नका, तालुक्याच्या गावीच, दारव्ह्यालाच राहा.

आणखी एक. अप-डाऊनवाल्यांच्या जागा ठरलेल्या असतात. कुठं लिहिलेलं नसतं, पण असतात. डावीकडची तिसरी खिडकी एका मास्तरांची, त्यांच्यामागे तलाठी ऑफिसातल्या मॅडम, शेवटच्या बाकावर आयटीआयची पोट्टी. मी पहिल्या दिवशी मास्तरांच्या खिडकीत बसले. ते काही बोलले नाहीत, लाडखेडपर्यंत माझ्या डोक्यावरचा दांडा धरून उभे राहिले, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी आपोआप उठले. पंधरा दिवसांनी माझीही जागा ठरली, चाकावरची. ती कोणालाच नको होती.

तुम्ही बाई आहात की पुरुष, प्रश्नावरून कळलं नाही, आणि इथं त्यानं फरक पडतो. बाई असाल तर १७ मार्च २०२३ पासून एसटीत टिकीट अर्धं आहे. त्या महिन्यापासून आमच्या गाडीत बाया वाढल्या हे मी डोळ्यांनी पाहिलं. ब्लाऊजपीसची मॅचिंग बघायला, मावशीला भेटायला, दवाखान्यात जाऊन तपासणी करून यायला. पारावरचे काहीजण कुरकुरतात, "बाया उगाच फिरून राहिल्या." फिरू द्या की! चाळीस वर्षं या बाया नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसल्याशिवाय तालुका पाहात नव्हत्या. पंच्याहत्तरीच्या वरच्यांना तर २०२२ पासून टिकीटच नाही; आमचे एक आजोबा आधारकार्ड धोतराच्या कनवटीला खोचून दर बाजाराला दारव्ह्याला जातात, एक पाव वांगी घेतात आणि परत येतात.

बस चुकली तर काळीपिवळी, म्हणजे सीटवर भाडं घेणारी जीप. तिच्याबद्दल बोलताना जरा हात आखडता घेते, कारण तिनंच कितीदा घरी पोचवलं आहे. पण तिचा कायदा एकच, भरल्याशिवाय हलत नाही. मागच्या पावसाळ्यात ऑफिसात उशीर झाला, शेवटची सोयीची बस हुकली. एका काळीपिवळीचा पोरगा ओरडत होता, "लगेच, लगेच, दोन सीटा!" बसले. दोन सीटा भरल्या तर आधीचे दोघे चहाला उतरले. ते आले तर एका बाईचं लेकरू शू म्हणालं. लेकरू आलं तर ड्रायव्हर गायब. एक तास दहा मिनिटं आम्ही जागेवरच प्रवास केला. शेवटी निघालो तेव्हा ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर, त्याच्या सीटवर तिघं. तुम्हाला खरंच घाई असेल तर उरलेल्या सीटचे पैसे तुम्हीच देऊन टाका. मी तेव्हा तीस-चाळीस रुपयांसाठी हट्ट धरला आणि घरी पोचेपर्यंत वरण आंबलं.

पुण्याला जायचं तर संध्याकाळच्या ट्रॅव्हल्स आहेत. रेल्वे हवी असेल तर मूर्तिजापूर, बडनेरा किंवा धामणगाव गाठावं लागतं. समृद्धी महामार्ग कारंज्याजवळून जातो, पण रोजच्या कामाला स्वतःची गाडी असल्याशिवाय त्याचा उपयोग नाही, म्हणजे आपल्या दोघांना तो बहुतेक पुलावरूनच बघायचा.

आता खाणं. इथंही वेळेचाच कायदा.

सकाळी सात ते दहा तर्री-पोहे. हातगाडीवर परातीत पोह्यांचा ढीग, खालून वाफ. शेजारी दोन गंज, म्हणजे मोठी पातेली: एकात हरभऱ्याचा रस्सा, दुसऱ्यात नुसती लाल तर्री. माणूस पोहे प्लेटीत घेतो, उलथण्यानं मध्ये खळगं करतो, त्यात हरभरे, वरून तर्री, मूठभर शेव, कांदा, लिंबाची फोड. पोहे पिवळे असतात, दोन मिनिटांत कडेनं केशरी होत जातात; पूर्ण केशरी व्हायच्या आत खायचे. अर्धे संपले की प्लेट पुढं करायची, तो न विचारता आणखी तर्री ओततो. तिचे पैसे नाहीत. पुण्याच्या पोह्यांवर खोबरं असतं हे मी त्या गाडीवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मंग ते गोड पोहे झाले नं बाप्पा." साडेदहाला गेलात तर परात धुऊन उपडी घातलेली दिसेल.

दुपारनंतर आलूबोंडा, भजी, कुठं कुठं सांबारवडी. इथं सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पाठच करून या. माझी नणंद पुण्याची. पहिल्यांदा आली तेव्हा हॉटेलवाल्यानं विचारलं, "आलूबोंड्याच्या रश्श्यावर सांबार टाकू का?" ती म्हणाली, "नको, एकावेळी दोन रस्से कशाला?" अख्खं हॉटेल तिच्याकडे बघत राहिलं.

बाई असाल तर टिकीट अर्धं, तसं हॉटेलही अर्धंच. चहाच्या टपरीवर एकटी बाई बसली की शेजारचं बाकडं गप्प होतं. कोणी काही बोलत नाही, वागणूक वाईट नाही, फक्त गप्प होतं. मोठ्या हॉटेलात मळकट पडदा लावलेली 'फॅमिली' खोली असते, तिथं पंखा हमखास बंद. मी अनेक वर्षं पोह्यांचं पार्सल नेऊन ऑफिसात थंड खाल्ले. आता गाडीवर उभी राहून खाते. पहिले चार दिवस लोक बघतात, पाचव्या दिवशी तर्री जास्त हवी का विचारतात.

रात्रीच्या जेवणाचं खरं सांगते, बाहेर विशेष काही नाही. रस्त्यावरचे ढाबे आहेत, पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा बरा मिळतो, मटण झणझणीत मिळतं. आमच्याकडे एक नवीन एसी रेस्टॉरंट झालं, त्याच्या मेनूत शंभरावर पदार्थ. आम्ही वाढदिवसाला गेलो, तीन भाज्या मागवल्या, तिन्हींची ग्रेव्ही एकच, गोड. इथलं चांगलं जेवण विकत मिळत नाही, बोलावल्यावर मिळतं. ऑफिसातल्या कोणी "रविवारी शेतात रोडगे आहेत" म्हटलं तर पोटदुखीचं कारणसुद्धा सांगू नका. गव्हाच्या जाड पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, राख झटकून फोडतात, वर तूप, सोबत वरण आणि मोठ्या गंजातली वांग्याची भाजी. स्वयंपाक बहुतेक गडीमाणसंच करतात, घरी चहासुद्धा न करणारी. जेवायला ताट लागत नाही, पत्रावळ असते. भाजी वाहून जाऊ नये म्हणून पत्रावळीखाली एका बाजूनं दगड लावायचा, हे कोणी सांगणार नाही म्हणून सांगते.

उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, दुपारी बारा ते चार गाव झोपतं, तेव्हा कूलर आल्याबरोबर घ्या, मे महिन्यात घ्यायला जाऊ नका. खोली बघताना स्टँडपासून पायी दहा मिनिटांवरची बघा. अगदी स्टँडला लागून नको, पहाटेची पहिली गाडी इंजिन गरम करत बराच वेळ उभी असते. आणि फार लांबही नको, कारण ती गाडी निघाली की नाही हे अंथरुणातून ऐकू आलं पाहिजे.