अमेरिकेत एट्सीवर दागिने विकते, सेल्स टॅक्स मी भरायचा का?

एट्सीवरच्या ऑर्डरचा नाही. 2018 च्या वेफेअर निकालानंतर (बाहेरच्या राज्यातल्या ऑनलाइन विक्रेत्यालाही राज्य सेल्स टॅक्स घ्यायला लावू शकतं, असा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल) बहुतेक राज्यांनी कायदा केला की टॅक्स एट्सीसारख्या मार्केटप्लेसनेच गिऱ्हाईकाकडून घेऊन राज्याला भरायचा. पण शॉपिफायवर (ऑनलाइन दुकान उभारायची सेवा) स्वतःची साइट असेल तर तिथली जबाबदारी तुमचीच, म्हणजे आपल्या राज्यात टॅक्स असेल तर सुरुवातीपासून आणि बाहेरच्या बहुतेक राज्यांत वर्षाला 1 लाख डॉलरची विक्री झाली की, कॅलिफोर्निया-टेक्सासला 5 लाख, आणि काही राज्यं या आकड्यात एट्सीवरची विक्रीपण धरतात, हे नीट बघा कारण इथेच लोक फसतात. दिवाळी मेळ्यात स्टॉल लावलात तर तो टॅक्सपण तुम्हीच घ्यायचा, फक्त आधी राज्याचं परमिट काढा, त्याशिवाय गिऱ्हाईकाकडून एक सेंटही टॅक्स घेऊ नका.